कुणाचा कान तिखट?

मी डोंबिवलीत राहणारा हौशी रेडिओचालक, म्हणजे ज्यांना ‘हॅम’ म्हणतात त्यांपैकी एक. दोन हॅम भेटले की पहिला प्रश्न ठरलेला : कुणाचा संच जास्त पकडतो?

एका रविवारी कल्याणचा मित्र हातात मावणारा नवा स्कॅनर घेऊन आला. स्कॅनर एकामागून एक लहरी आपोआप चाचपतो आणि कुणी बोलत असेल तिथे थांबतो. माझा जुना संच फक्त 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यापुरता. ठाण्यातल्या कोपरीहून तिसरा मित्र बोलू लागला. नव्या संचावर पाच रेघा, माझ्यावर दोनच! “तुमचा डबा आता भंगारात काढा,” कल्याणकर म्हणाले.

मी म्हटलं, रेघा मोजू नका, शब्द मोजू. कोपरीकरांनी दहा आकडे वाचले. दोघांनी न बोलता कागदावर लिहिले. माझे नऊ बरोबर, त्यांचे सहा.

असं का व्हावं? एक तर रेघांचं माप सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. एकाच्या पाच म्हणजे दुसऱ्याच्या दोन असू शकतात. दुसरं, स्कॅनरला फार मोठा पट्टा ऐकायचा असतो. शहरातली एफ.एम. केंद्रं, मोबाइलचे मनोरे यांचा गलका तो सहज आत घेतो आणि त्यात दुबळा आवाज बुडतो. सगळं ऐकणारा कान तिखट असतोच असं नाही.

मग आम्ही ॲन्टेनांची अदलाबदल केली. आता त्यांचे आठ, माझे सात! म्हणजे बरीचशी करामत संचाची नव्हतीच. या पट्ट्यातली लहर साधारण दोन मीटर लांब, तिचा पाव भाग अर्धा मीटर. संचाबरोबर येणारा आखूड रबरी ॲन्टेना म्हणजे सोयीसाठी केलेली तडजोड.

शेवटी दोन्ही संच घेऊन गच्चीवर गेलो. दोघांचेही दहापैकी दहा. कोपरी आणि डोंबिवलीच्या मध्ये पारसिकचा डोंगर आडवा आहे. ज्याच्या पोटातून 1916 साली सुमारे 1.3 किलोमीटरचा रेल्वे बोगदा काढला, तोच. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगर आणि भिंती त्यांना अडवतात. भिंतींवर आपटून परतलेल्या लहरी एकमेकींना मारकही ठरतात. म्हणून कधी कधी हातभर सरकलं तरी आवाज उजळतो.

तेव्हा तुलना करायची तर जागा एक, उंची एक, ॲन्टेना एक, बॅटरी दोन्हीकडे भरलेली, आणि निकाल कागदावरच्या शब्दांनी.

हा नुसता खेळ नाही. 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास नदीच्या पुरानं कल्याण, बदलापूरची दैना केली. लोकल थांबल्या, फोन लागेनात, घरची माणसं कुठे आहेत ते कळेना. भूजच्या 2001 च्या भूकंपात आणि अंदमानात 2004 च्या सुनामीनंतर हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. अशा वेळी एक आकडा चुकला तर मदत भलत्याच पत्त्यावर जाते.

एक सांगायला हवं. असे संच परवान्याशिवाय वापरायचे नसतात, आणि दुसऱ्यांच्या खासगी संभाषणाला किंवा पोलिसांच्या बोलण्याला कान लावणं तर मुळीच नाही. हौशी परवान्याची परीक्षा मात्र बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही देता येते.

आणि परवाना नसलेल्यांनी? घरातला साधा ट्रान्झिस्टर काढा, सेल घाला. मध्यम लहरींवर असेल तर नुसता फिरवून बघा, दिशा बदलली की आवाज बदलतो. एफ.एम.साठी खिडकीशी न्या. कुठल्या कोपऱ्यात शब्द स्वच्छ येतात ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. दिवे गेल्यावर आणि पाणी चढल्यावर तो कोपरा शोधायला उसंत मिळत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)