कीचकाचा वध आणि हँडलचे फेरे

बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आपल्या कोल्हापूरची. 1920 साली तिचा 'सैरंध्री' हा मूकपट आला. त्यातला कीचकवध एवढा हुबेहूब उतरला होता, की थिएटरात बायका भोवळ येऊन पडल्या असं जुनी माणसं सांगत. शेवटी तो भाग कापावा लागला. संगणकाचं नावही नव्हतं तेव्हा. कॅमेरासुद्धा या मंडळींनी इथंच घडवलेला!

'सैरंध्री' आज बघायला मिळत नाही. पण दादासाहेब फाळक्यांच्या 1918 च्या 'श्रीकृष्ण जन्म'चे तुकडे शिल्लक आहेत. त्यात कंसाला स्वतःचंच शिर धडावेगळं झालेलं दिसतं.

अशा करामतीचं मूळ काळ्या रंगात आहे. काळ्या पडद्यापुढं नट उभा करायचा, गळ्याखाली काळं कापड गुंडाळायचं. काळ्यावरून उजेड परत येत नाही, म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग लेन्स झाकून फिल्म उलटी गुंडाळायची आणि त्याच फिल्मवर दुसरं दृश्य घ्यायचं. शिर हवेत तरंगायला लागतं! हँडलच्या एका फेऱ्याला आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे. कॅमेरामन तोंडानं फेरे मोजायचा. मोजणी चुकली की शिर भलत्याच क्षणी उगवणार, आणि ते कळणार फिल्म धुतल्यावर.

दुसरी युक्ती सोपी वाटते, पण भारी अवघड. तलवार मानेशी आली की कॅमेरा थांबवायचा. बाकीच्यांनी जागच्या जागी थिजायचं, नटाच्या जागी पुतळा ठेवायचा, पुन्हा हँडल फिरवायचं. तिवईला धक्का लागला किंवा ऊन ढगाआड गेलं, की सगळं ओम् फस्.

म्हणून जुना मूकपट बघताना नायकाकडं बघू नका. मागच्या शिपायाचा हात बघा, जमिनीवरची सावली बघा. सांधा सापडेल तो तिथं. सांधा सापडला म्हणून हसायचं कारण नाही. तो किती बारीक आहे यावरच कारागिराची परीक्षा. आजच्या पडद्यावर डोंगर कोसळतात, ते मला एवढे थरारक वाटत नाहीत. तिथं चूक मागाहून पुसता येते.

घरीही हे जमेल. शटर उघडं ठेवता येतं असा कॅमेरा घ्या, अंधाऱ्या खोलीत तिवईवर लावा. शटर तीस सेकंद उघडं ठेवा. पोराला खुर्चीत बसवून त्याच्यावर क्षणभर बॅटरी मारा, मग ती विझवून त्याला दुसऱ्या खुर्चीत बसवा आणि पुन्हा मारा. एकाच फोटोत एकच पोरगं दोनदा दिसेल. बॅटरीचा झोत मात्र भिंतीवर पडू देऊ नका, नाहीतर पोराच्या अंगातून भिंत दिसेल. भुताचा फोटो हवा असेल, तर मुद्दाम पडू द्या.