पैशाचा हिशेब आणि माणसाचा हिशेब



गरजू माणसाच्या देखभालीचा पैसा सरकारने थेट त्याच्याच हाती दिला, तर त्या पैशाचा जाब कोणी कोणाला द्यायचा? या प्रश्नावर आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आमची नोकरी बँकेतली. हिशेब हा आमचा रोजचाच विषय. उदाहरण मात्र इंग्लंडचे घेतो, कारण तेथे ही पद्धत कायद्यानेच रुजली आहे.

ही पद्धत सरकारच्या दयेतून आलेली नाही. १९७९ च्या सुमारास हॅम्पशायरमधील ल कोर्ट या निवासी संस्थेतील काही अपंग रहिवाशांनी 'प्रोजेक्ट ८१' नावाची चळवळ सुरू केली. कधी उठायचे, कधी जेवायचे, हे दुसऱ्याने ठरवावे हे त्यांना मान्य नव्हते. आमच्यावर संस्थेत होणारा खर्च आम्हाला द्या, आम्ही आपला मदतनीस नेमून स्वतःच्या घरी राहू, अशी त्यांची मागणी होती. त्या वेळच्या कायद्याने रोख रक्कम देता येत नव्हती. १९९६ मध्ये तसा कायदा झाला, २००० मध्ये तो पासष्टीपुढील वृद्धांनाही लागू झाला, आणि २०१४ च्या केअर अ‍ॅक्टने 'पर्सनल बजेट' हा व्यवस्थेचाच भाग केला.

याचा अर्थ असा की, स्थानिक कौन्सिल माणसाची गरज तपासते, त्या गरजेला किती खर्च येईल ते ठरवते आणि त्याच्या ऐपतीनुसार त्याचा हिस्सा किती, हे सांगते. तो हवे तर कौन्सिलकडूनच सेवा घेतो, हवे तर रक्कम आपल्या खात्यात घेतो. रक्कम घेतली की पहिल्या सहा महिन्यांत एकदा आणि पुढे वर्षातून किमान एकदा तपासणी होते. पावत्या जपाव्या लागतात, गैरवापर झाला तर पैसे परत मागितले जातात. हे योग्यच आहे. पैसा जनतेचा आहे.

पण मित्रांनो, आम्ही रोज व्हाउचरे पाहतो. व्हाउचर सांगते की पैसा कोठे गेला. म्हातारीला वेळेवर आंघोळ मिळाली की नाही, हे व्हाउचर सांगत नाही.

मदतनीस नेमला की तो अपंग माणूस मालक होतो. किमान वेतन, रजा, विमा ही सारी जबाबदारी त्याची. ठरवलेली रक्कमच अपुरी असेल, तर मदतनिसाला कमी पगार दिल्याचा दोष कोणाचा? शिवाय, असा थेट नेमलेला मदतनीस तेथील देखभाल-सेवांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनच्या कक्षेत येत नाही. २००५ ते २००७ या काळात १३ कौन्सिलांत जो प्रयोग झाला, त्याच्या २००८ च्या अहवालात असे दिसले की, तरुण अपंगांना या पद्धतीचा लाभ झाला, परंतु अनेक वृद्धांना हा कारभार ओझे वाटला.

म्हणजे हक्क दिला, आणि हिशेबाचे ओझेही त्याच दुबळ्या खांद्यावर ठेवले. आमचे म्हणणे एवढेच की, जाब दोन्ही बाजूंनी असला पाहिजे. माणसाने पैशाचा हिशेब द्यावा. कौन्सिलने माणसाचा हिशेब द्यावा. रक्कम कशी ठरवली? ती पुरते का? हिशेब ठेवायला मदत कोण करतो? ही उत्तरे मागण्याचा हक्क तेथे आहे, कौन्सिलविरुद्ध लोकपालाकडे तक्रारही करता येते. पण अंथरुणाला खिळलेल्या एकट्या माणसाने ती करावी कशी? तेथे शेजारी, नातलग आणि संघटनाच उभ्या राहाव्या लागतात.

आपल्याकडे पर्सनल बजेट नाही, पण निराधारांचे अनुदान बँक खात्यात जमा होते. विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यातलेच कोणी कचेरीत, कोणी बँकेत बसेल. समोरच्या माणसाकडे कागद मागताना, आपण त्याला काय देणे लागतो तेही वहीत लिहून ठेवा.