घरातली कोठी आणि तिची किल्ली



या व्यासपीठावरून आपण मोठमोठे विषय ऐकले असतील. आमचा विषय अगदी घरगुती आहे. आपल्या माजिवड्याच्या नाक्यावर मुंबईचा पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिकचा महामार्ग आणि घोडबंदरचा रस्ता एकत्र येतात. परंतु रस्ते मिळाले म्हणजे गाडी मुक्कामी पोचलीच असे नव्हे, हे आपणांस सांगायला नको. घरातल्या यंत्रांचेही तसेच आहे.

आमच्या घरी एक जुनी साठवणपेटी आहे. आत दोन डिस्क, आणि मागची वायर राउटरला जोडलेली. घरातल्या कोणत्याही संगणकावरून तिच्यातल्या फायली उघडता याव्यात, अशी ही योजना. बाजारात तिला 'नॅस' म्हणतात. आम्ही कोठी म्हणतो. हिच्यात घराची कागदपत्रे आहेत, लग्नाची छायाचित्रे आहेत, आणि आमच्या दिवंगत मातोश्रींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. जुना संगणक बिघडला तेव्हा आम्ही लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स घातले, आणि कोठीचे दार उघडेना! पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी पडद्यावर नकार. दुकानदार म्हणाला, "पेटी जुनी झाली, टाकून द्या." घरातून प्रश्न आला, "आणि आईंचा आवाजही टाकून द्यायचा का?" त्या प्रश्नामुळे आम्ही अभ्यासाला बसलो.

दोन यंत्रांना बोलायचे तर एक ठरलेली बोली लागते. अशा पेट्यांची बोली बहुधा एसएमबी ही असते. तिचा उगम १९८० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीत झाला आणि पुढे विंडोजने ती घरोघर नेली. १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून ही बोली उलगडली आणि आपला प्रोग्राम सर्वांना मोकळा करून दिला. शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द शोधून त्याचे नाव पुढे 'सांबा' ठेवले गेले. कुलूप ज्याचे त्यानेच किल्ली द्यावी, अशी वाट हा गृहस्थ पाहत बसला नाही.

मग आमचे दार का उघडेना? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रव जगभर पसरला. विंडोजमध्ये या बोलीच्या पहिल्या आवृत्तीत जी उणीव होती, तिच्यातून तो शिरला. ही आवृत्ती जुनी आणि असुरक्षित, हे जाणत्यांना आधीपासून ठाऊक होते. त्याच वर्षीच्या ४.१३ या आवृत्तीपासून लिनक्सचा गाभा आपण होऊन ती वापरीनासा झाला. आमची पेटी मात्र पहिलीच आवृत्ती जाणत होती! म्हणजे पेटी बिघडली नव्हती आणि लॅपटॉपही अडाणी नव्हता. पहारेकरी सावध होता, इतकेच.

उपाय असा. प्रथम पेटीच्या सेटिंगमध्ये दुसरी वा तिसरी आवृत्ती चालू करता येते का, ते पाहावे. आमच्या पेटीत ती सोय नव्हती. तेव्हा लिनक्सला 'व्हर्स' या शब्दापुढे १.० असे लिहून जुन्या बोलीची एकवार परवानगी दिली, तीही केवळ वाचण्यापुरती. सारा ठेवा बाहेर काढला आणि तो रस्ता पुन्हा बंद केला.

नवी पेटी जोडताना चार गोष्टी शिकलो. राउटरमध्ये तिचा पत्ता कायमचा नेमून द्यावा. जोडणी प्रशासकाच्या नावाने होते, म्हणून फायली आपल्या नावावर दाखवण्यास सांगावे; नाहीतर वाचता येते पण लिहिता येत नाही. पासवर्ड वेगळ्या फायलीत ठेवून ती इतरांस वाचण्यास बंद करावी. आणि 'नोफेल' हा शब्द घालावा, म्हणजे लॅपटॉप परगावी नेला तरी तो कोठीसाठी अडून बसत नाही.

आणखी एक. दोन डिस्कवर तेच ते असले म्हणजे ठेवा सुरक्षित झाला, ही समजूत खोटी. एकीवर चुकून पुसले की दुसरीवरही पुसले जाते. आम्ही वेगळी प्रत डोंबिवलीस बहिणीकडे ठेवली आहे.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. नुसत्या कपाटांनी ते टिकले नाही. कोणते पुस्तक कुठे आहे आणि ते कसे काढायचे, हे जाणणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मिळाली म्हणून टिकले. घरच्या कोठीलाही असा एक तरी जाणता हवा. ठेवा आपला केव्हा? तो उघडण्याची रीत आपणांस कळते तेव्हा. म्हणून ती रीत आम्ही वहीत लिहून मुलांच्या हाती दिली आहे.

त्या रात्री लॅपटॉपमधून आधी जात्याची घरघर आली, मग आईचा आवाज. घरात कोणी बोलले नाही.