पुसलेलें आणि उरलेलें



शाळेंत असतांना पस्तीस वर्षें मीं रोज फळा पुसला. फडका फिरला कीं अक्षर गेलें, अशी माझी समजूत त्यामुळें पक्की झाली होती. गेल्या वर्षीं ती डळमळली.

एका कंपनीकडून थोडी रक्कम परत यावयाची होती. तिच्या मदत-कक्षाशीं संगणकावरून लेखी संभाषण करतांना मीं बँकेतील खात्याचा क्रमांक कळविला. रक्कम मिळाली, तेव्हां तो क्रमांक आतां पुसून टाकावा अशी विनंती केली. ‘पुसला’ असें उत्तर आलें. दोन महिन्यांनीं निराळ्या कामासाठीं लिहिलें, तों तेथील दुसऱ्या गृहस्थांनीं तोच क्रमांक मला जसाच्या तसा सांगितला!

या क्षेत्रांत काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें उलगडा केला, तो असा. ग्राहकाचा मजकूर झेनडेस्कसारख्या प्रणालींत ‘तिकीट’ म्हणून नोंदला जातो. उत्तर देणाऱ्याचें कांहीं अडलें म्हणजे तो सहकाऱ्यांस विचारतो, आणि हें विचारणें पुष्कळदां स्लॅकसारख्या कार्यालयीन संभाषणाच्या दालनांत होतें. दोन्ही प्रणाली जोडलेल्या असल्या, तर तिकिटांतील मजकूर आपोआपहि तेथें उमटूं शकतो. शिवाय ई-मेलच्या सूचना आणि राखीव प्रती आहेतच. एकदां लिहिलेली ओळ अशी चार घरीं नांदूं लागते.

प्रत्येक घरची रीत निराळी. झेनडेस्कमधून काढलेलें तिकीट ३० दिवसपर्यंत परत आणतां येतें. पुढें तें कायमचें जातें. स्लॅकमध्यें संदेश किती काळ ठेवावयाचे हें पैसे भरणारी संस्था ठरविते. कांहींच न ठरविल्यास ते राहतात. विनामूल्य वापरांत ९० दिवसांपूर्वींचे संदेश दिसेनासे होतात. ऑगस्ट २०२४ पासून एक वर्षाहून जुने संदेश काढूनच टाकण्यांत येऊं लागले. एका घरीं फडका फिरला म्हणून दुसऱ्या घरचें अक्षर जाईलच, असें नाहीं.

यांत नेहमीं लबाडीच असते असें मात्र नव्हे. चुकून तक्रारच पुसली गेली तर नुकसान ग्राहकाचेंच; म्हणून ही सवड. परंतु सवडीला सीमा हवी. युरोपांत २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानें आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडील २०२३ च्या कायद्यांतहि असा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, व अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा ठरला.

तेव्हां ‘पुसलें का?’ एवढेंच विचारूं नये. ‘कोठें कोठें होतें, आणि तेथून केव्हां जाईल?’ असें विचारावें. मीं तसें लिहून विचारलें. तीन आठवड्यांनीं उत्तर आलें: दोन ठिकाणांहून क्रमांक काढला, हिशेबाच्या नोंदींतील मात्र कायद्यानें ठेवावा लागतो. मनाजोगें उत्तर नव्हतें. पण पहिल्या उत्तरापेक्षां तें खरें होतें.