चिमणी चालत का नाही?



शहाडच्या फलाटावर कल्याणकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघताना पायाशी लक्ष द्या. पारवे मान पुढेमागे करत एकेक पाऊल टाकत हिंडतात. साळुंकी तोऱ्यात चालते. चिमणी मात्र दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. फरशी एकच, सांडलेले दाणेही तेच. मग चाल वेगळी का?

याचं एक उत्तर झाडावर आहे. फांद्यांमध्ये सलग जमीन नसते. एका फांदीवरून दुसरीवर जाताना दोन्ही पायांनी झेप घ्यावी लागते आणि दोन्ही पायांनी फांदी धरावी लागते. बुलबुल, शिंपी, दयाळ, सातभाई हे झाडाझुडपांतले पक्षी. जमिनीवर उतरले तरी ते उड्याच मारतात. टिटवी, तितर, चंडोल यांचा दिवस मोकळ्या रानात जातो. ते चालतात, पळतात. चंडोलाच्या मागच्या बोटाचं नख तर लांब आणि जवळजवळ सरळ असतं.

दुसरं उत्तर अंगकाठीचं. आखूड पायांच्या लहान पक्ष्याचं पाऊल फार थोडं अंतर कापतं, उडीत तो पुष्कळ पुढे जातो. पाव किलोच्या वर भरणाऱ्या पारव्याला मात्र दर खेपेला सगळं अंग उचलणं महाग पडतं.

आता थंडीत उल्हास नदीच्या काठावर चला. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून पांढरा धोबी आलेला असतो. वजन जेमतेम चिमणीएवढं, पंचवीस ग्रॅमच्या आसपास. तरीही तो शेपटी वरखाली हलवत ओल्या चिखलावरून भराभर धावतो आणि किडे टिपतो! म्हणून नुसत्या वजनाचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. धोब्याचे पाय सडपातळ आणि अंगाच्या मानाने लांब आहेत, आणि त्याचं कूळच उघड्या जमिनीवर पोट भरणारं आहे. चिमणी हजारो वर्षं माणसाच्या अंगणात दाणे टिपते आहे, पण कुळाकडून आलेली उडी तिने सोडलेली नाही.

कावळ्याला दोन्ही येतं. निवांत असला की तो पावलं टाकतो, घाई झाली की तिरक्या उड्या घेतो. घोडा दुडकी सोडून चौखूर उधळतो तसंच हे. साळुंकीसुद्धा घाईत कधी कधी उडी घेते. त्यामुळे चालणारे आणि उड्या मारणारे अशा दोन याद्या करण्यापेक्षा कोणता पक्षी केव्हा चाल बदलतो हे पाहणं मला मोलाचं वाटतं. शाळेतल्या मुलांना ते सहज जमेल. ओल्या मातीत उड्या मारणाऱ्याचे ठसे जोडीजोडीने उमटतात, चालणाऱ्याचे एकाआड एक. ठशांचं चित्र काढायचं, शेजारी पक्ष्याचं नाव लिहायचं, आणि तो निवांत होता की घाईत, तेही लिहायला विसरायचं नाही.