कोणत्या वापरापुरती साफ?

दूषित जमीन किती साफ केली म्हणजे पुरे, हे त्या जमिनीवर पुढे काय होणार यावर ठरते. वळ गावच्या गोदामपट्ट्यात हा प्रश्न पायाखालचाच आहे. इथल्या भातखाचरांवर भराव पडला, गोदामे उभी राहिली, काही गाळ्यांत रसायनांची पिंपेही आली. पिंप गळले, की फरशीच्या भेगेतून रसायन खालच्या मातीत उतरते. वर काँक्रीट जागेवर असेपर्यंत हमालाचा त्या मातीशी संबंध येत नाही. उडून जाणारे द्रावक असेल तर मात्र त्याची वाफ त्याच भेगेतून वर येते. उद्या काँक्रीट फोडून तिथे घर झाले, तर अंगणात रांगणारे मूल मातीचा हात तोंडात घालणार आणि शेजारची बोअरवेल त्याच मातीतून झिरपलेले पाणी उपसणार. विष तेवढेच, धोका कितीतरी मोठा.

जोखमीवर आधारलेली मानके हाच फरक मोजतात. कॅनडात एक किलो मातीत शिसे किती चालेल, याची मर्यादा शेतीसाठी ७० मिलिग्रॅम आहे, निवासासाठी १४०, व्यापारासाठी २६० आणि उद्योगासाठी ६००. नेदरलँड्समध्ये लेकर्केर्क गावची वसाहत रासायनिक कचऱ्यावर बांधल्याचे १९८० मध्ये उघड झाले. त्यानंतर त्या देशात जमीन कोणत्याही वापराला योग्य होईल इतकी साफ करण्याचा आग्रह धरला गेला. तो खर्च पेलवेना, तेव्हा नव्वदच्या दशकात वापरानुरूप सफाई स्वीकारावी लागली.

भारतात दूषित स्थळांचे नियम जुलै २०२५ मध्ये आले. संशयित जागा जिल्हा प्रशासनाने किंवा स्थानिक संस्थेने कळवायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा, अशी त्यांची रचना आहे.

उद्योगाच्या मानकाने साफ झालेली जमीन उद्योगापुरतीच साफ असते. पण जमिनीचा वापर बदलतो; वळमध्ये तर शेताचे गोदाम व्हायला एक पिढीही लागली नाही. म्हणून सफाई कोणत्या वापरापुरती झाली, काँक्रीट कुठवर राखायचे, बोअरवेलचे पाणी प्यायचे की नाही, हे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढायला हवे. मंडळाच्या कपाटातला अहवाल जमीन घेणारा पाहत नाही. सातबारा पाहिल्याशिवाय तो इसारही देत नाही.

दूषित जमिनीच्या सफाईवरील या परिषदेसाठी वळमध्ये आलेले शास्त्रज्ञ, अधिकारी, गोदाममालक आणि शेतकरी या सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. मानकांच्या तक्त्यांबरोबर सातबाऱ्यावरील या नोंदीचीही चर्चा व्हावी, अशी समितीची विनंती आहे.