शर्यतीच्या जुन्या मोटारीची प्रतिकृति

जालना जिल्ह्यांत अंकुशनगर येथें सहकारी साखर कारखाना आहे. अशा कोणत्याहि कारखान्यांत गळिताचा हंगाम संपला म्हणजे धुराडें शांत होतें, पण वर्कशॉप जागें होतें. गिरणीचे रोलर उतरवितात, झिजलेल्या खांचा पुन्हां कापतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात. एखादा भाग मोडलेला असतो, त्याचा नकाशा हरवलेला असतो, आणि तो बनविणारी पेढीहि उरलेली नसते. अशा वेळीं फिटर मोडका भागच पुढ्यांत ठेवून त्याचें माप घेतो, आणि टर्नर लेथवर तसाच दुसरा उतरवून देतो.

एका भागाऐवजीं हेंच काम एका संपूर्ण मोटारीचें करावयाचें ठरलें तर? इंग्लंडांतील बेंटले कंपनीनें २०१९ सालीं असाच संकल्प जाहीर केला. ज्या गाडीची प्रतिकृति करावयाची ती होती नव्वद वर्षांपूर्वीची शर्यतीची मोटार, 'ब्लोअर' या नांवाची.

या नांवाचा इतिहास मनोरंजक आहे. फ्रान्समधील ल मां येथें चोवीस तासांची शर्यत होत असे. तींत बेंटलेच्या गाड्यांनीं १९२४ सालीं, आणि पुढें १९२७ पासून १९३० पर्यंत लागोपाठ चार वर्षें विजय मिळविला. तरीहि हेन्री बर्किन या शर्यतपटूचें समाधान झालें नाहीं. त्याला आणखी वेग हवा होता. साडेचार लिटरच्या इंजिनाला त्यानें अॅम्हर्स्ट व्हिलियर्स याच्या योजनेचा सुपरचार्जर जोडविला. सुपरचार्जर म्हणजे हवा व पेट्रोल यांचें मिश्रण इंजिनांत दाबानें भरणारा एक प्रकारचा भाताच होय. लोहाराच्या भात्यानें भट्टी फुलते, त्याच न्यायानें येथें इंजिनाचा जोर वाढतो. कंपनीचे संस्थापक बेंटले यांना ही युक्ति मुळींच पसंत नव्हती. पण डॉरथी पॅजेट या धनाढ्य बाईंनीं पैसा पुरविला, आणि शर्यतीसाठीं चार गाड्या सिद्ध झाल्या. १९३० च्या ल मां शर्यतींत यांतील एकहि गाडी शेवटपर्यंत टिकली नाहीं. त्याच वर्षीं पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्यें मात्र बर्किन दुसरा आला. ल मां येथें ब्लोअर कधींच जिंकली नाहीं. तरी लोकांच्या स्मरणांत तीच अधिक राहिली.

या चारांपैकीं १९२९ सालची दुसऱ्या क्रमांकाची गाडी कंपनीच्या संग्रहीं होती. ती पूर्ण सुटी करण्यांत आली, आणि तिच्या प्रत्येक भागाचें लेसर किरणांच्या साह्यानें माप घेण्यांत आलें. विक्रीसाठीं बारा आणि परीक्षेसाठीं एक, अशा तेरा प्रतिकृति करावयाच्या होत्या. परीक्षेची 'शून्य क्रमांकाची' गाडी डिसेंबर २०२० मध्यें तयार झाली. तिच्याकरितां १,८४६ भाग घडवावे लागले, आणि ४०,००० तास खर्ची पडले. एकाच माणसानें रोज आठ तास आणि वर्षाचे तीनशें दिवस काम केलें असतें, तर त्याला सोळा वर्षांहून अधिक काळ लागला असता!

यंत्रानें माप दिलें. परंतु घडण हातांनाच करावी लागली. गाडीचा सांगाडा कोणाकडे सोंपविला असेल? इझ्राएल न्यूटन या, वाफेच्या इंजिनांचे बॉयलर करणाऱ्या, दोनशें वर्षांच्या जुन्या पेढीकडे. कारण सांगाड्याचे पोलादी पत्रे तापलेल्या रिव्हेटांनीं जोडावयाचे होते. रिव्हेट लालभडक करून भोकांत घालतात, आणि दुसऱ्या टोंकास ठोकून तिचें डोकें बनवितात. ती निवते तसतशी आंखडते, आणि दोन्ही पत्रे एकमेकांस घट्ट आवळून धरते. ही विद्या मोटारींच्या कारखान्यांतून केव्हांच गेली होती. बॉयलरवाल्यांकडे ती जिवंत होती. वरचा देह अॅश लाकडाच्या चौकटीचा, त्यावर आच्छादन रेक्झिनचें. इंजिनाची मॅग्नेशियमची पेटीहि मूळच्याप्रमाणेंच.

येथें कोणी विचारील, ही अखेर नक्कलच ना? आणि तीहि बारा धनवंतांच्या हौसेसाठीं! आक्षेप खोटा नाहीं. या गाड्या सामान्य माणसाच्या आवांक्यांतल्या नव्हेत. शिवाय नकलेनें स्वतःस मूळ म्हणवून घेतलें, तर ती लबाडी होय. पण येथें तसें झालेलें नाहीं. या गाड्या नव्या म्हणूनच ओळखल्या जातात.

नक्कल करणें हें हलकें काम आहे, ही समजूतहि तपासून पाहावी. अंकुशनगराहून फार दूर नसलेल्या गोदाकांठच्या पैठणांत एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. असें श्रम त्यांना कां करावे लागले? कारण नकला उतरतां उतरतां पाठ बिघडला होता. कोणाचा अनवधानानें शब्द गळतो, तर कोणी आपल्या मतें अधिक चांगला शब्द घालतो. यांपैकीं दुसरा दोष अधिक घातक असतो, कारण तो करणाऱ्यास दोष वाटतच नाहीं. जुनी मोटार पुन्हां घडविणाऱ्यासहि हाच मोह पडतो. येथें वेल्डिंग सोपें, तेथें नवी धातु हलकी! हा मोह आवरून पूर्वजांची अडचण तशीच अंगीकारली, म्हणजेच त्यांनीं ती कशी सोडविली हें कळतें.

याचें महत्त्व इंग्लंडपुरतें नाहीं. आपल्या कारखान्यांतूनहि असे वृद्ध फिटर निवृत्त होत असतात, ज्यांना धातूच्या रंगावरून तिचें तापमान समजतें आणि आवाजावरून तडा ओळखतां येतो. त्यांच्या शेजारीं एखादा उमेदवार वर्ष-दोन वर्षें बसविला नाहीं, तर तें ज्ञान कोणत्याहि नकाशांत सांपडणार नाहीं. बेंटले कंपनीला ऐन वेळीं बॉयलरवाल्यांची पेढी सांपडली. उद्यां आपल्याला कोणता जुना भाग घडवावा लागेल, हें आज सांगतां येत नाहीं. पण तो घडविणारी माणसें आजच तयार करावी लागतील.